तरुणांमधील गर्दचे व्यसन

गर्द म्हणजे ब्राउन शुगर. अफूपासून बनणाऱ्या हेरॉइनचा हा अशुद्ध आणि बहुधा भेसळीचा प्रकार. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात त्याचा फैलाव झाला. पन्नीवर पूड तापवून धूर ओढला जातो. काही जण पुढे सुईकडे वळतात.

कारण विचारले की घरचे ‘वाईट संगत’ म्हणतात. पहिला झुरका बहुतेकदा मित्रच देतो, हे खरे. पण त्याच टोळक्यातला एक अडकतो आणि दुसरा सुटतो, याचे उत्तर त्यात मिळत नाही. आनुवंशिकता, लहानपणीचे आघात, नैराश्य, रिकामपण आणि पुडीची सहज उपलब्धता यांचा त्यात वाटा असतो. विवेकाने आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो, त्यामुळे विशीच्या आतली सुरुवात अधिक घातक ठरते. पुढे मजा संपते आणि केवळ ‘टर्की’, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, टाळण्यासाठी गर्द घ्यावी लागते. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगदुखी, जुलाब, उडालेली झोप असा हा त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि साधारण आठवड्यात ओसरतो.

हा आठवडा औषधांनी सुसह्य करता येतो; खरे काम त्यानंतरचे. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही अफूच्याच वर्गातली औषधे दीर्घकाळ दिल्यास ओढ आटोक्यात राहते. ‘एक नशा सोडवायला दुसरी’ हा त्यावरचा आक्षेप लोकप्रिय असला तरी चुकीचा आहे. दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. गर्द काही काळ बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. म्हणून केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. समुपदेशन, गटचर्चा, पाठपुरावा यांबरोबर रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट, ही तिथली महत्त्वाची भर.

प्रतिबंधासाठी शाळांत कवटीची चित्रे दाखवून घाबरवण्याचा फारसा उपयोग होत नाही. नकार देण्याचा सराव, खेळ आणि घरातला संवाद अधिक उपयोगी. मुलांमध्ये धोका गर्दपुरताच नाही. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नशेसाठी हुंगण्याच्या पदार्थांच्या वापराचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आढळले. पंक्चरचे सोल्युशन, थिनर अशा या वस्तू साध्या दुकानातून येतात. त्यामुळे निव्वळ पोलिसी छापे पुरत नाहीत.

१९८५च्या अमली पदार्थ कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.