फुटणारा मुखवटा

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आइस हॉकीच्या सामन्यात अँडी बाथगेटने मारलेला पक, म्हणजे या खेळात चेंडूच्या जागी असणारी चकती, माँट्रियल कॅनेडियन्स संघाचा गोलरक्षक जाक प्लांट याच्या थेट तोंडावर बसला. सात टाके पडले. मुखवटा घालू दिलात तरच परत उतरेन, असं प्लांटने बजावलं. प्रशिक्षक टो ब्लेक यांना ते मुळीच पसंत नव्हतं. मुखवट्यामुळे पायाजवळचा पक दिसत नाही आणि गोलरक्षक भित्रा ठरतो, असा तेव्हाचा समज. पण त्या काळी संघ राखीव गोलरक्षक सोबत आणत नसत. ब्लेक यांचा नाइलाज झाला आणि कॅनेडियन्सनी सामना ३-१ असा जिंकला.

भित्रेपणाचं जाऊ द्या, हिशेब पाहू. पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन सुमारे १७० ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूहून जरासं जास्त. उसळू नये म्हणून ती आधी गोठवतात. ताशी १६० किलोमीटर वेगाने आलेल्या पकमध्ये सुमारे १६८ ज्यूल ऊर्जा असते: १७ किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तितकी. दहा मीटरचं अंतर तो ०.२२ सेकंदात कापतो आणि डोळ्यांनी पाहून हात हलायलाच ०.२ सेकंद जातात. म्हणून चांगला गोलरक्षक पकपेक्षा मारणाऱ्याचे खांदे आणि काठी वाचतो. दोन पावलं पुढेही सरकतो. मारणाऱ्याच्या जितकं जवळ जावं तितका जाळ्याचा मोठा भाग अंगाआड जातो. प्लांट तर जाळं सोडून जाळ्यामागे गेलेला पक आणायलाही निघायचा. गंमत म्हणजे तो गोलरक्षक झाला तो दम्यामुळे. थंड, कोरड्या हवेत जोरजोरात श्वास घेतला की दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. लहानपणी त्याला फार वेळ स्केटिंग झेपत नसे.

आता मुखवटा. प्लांटचा मुखवटा फायबरग्लासचा होता. फायबरग्लास म्हणजे रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, बसवलेले काचेचे तंतू. नाकाच्या हाडावर एका जागी बसणारा मार हे कवच चेहऱ्यावर पसरवतं. जोर तोच, पण क्षेत्रफळ वाढल्याने दाब घटतो. हा मुखवटा चेहऱ्याला जवळजवळ चिकटून असे, त्यामुळे मार जाणवायचा तो जाणवायचाच. पण फारच जोराचा फटका आला तर कवचाचे थर सुटतात, तंतू तुटतात आणि त्या मोडतोडीत बरीच ऊर्जा खर्ची पडते.

याचा प्रत्यय १९७०मध्ये आला. प्लांट तेव्हा सेंट लुइस ब्लूज या संघाकडून स्टॅन्ली कप या आइस हॉकीच्या मानाच्या करंडकाची अंतिम मालिका खेळत होता. प्रतिस्पर्धी फ्रेड स्टॅनफिल्डचा फटका वाटेत फिल एस्पोझिटोच्या काठीला लागून वळला आणि प्लांटच्या कपाळावर आदळला. मुखवटा फुटला, तो बेशुद्ध पडला. जीव मात्र वाचला. पुढच्या हंगामात, बेचाळिसाव्या वर्षी, टोरांटोकडून खेळताना दर सामन्यामागे सर्वांत कमी गोल खाणारा गोलरक्षक तोच ठरला. अर्थात मुखवटा घालून.