रिकव्हरी: वाटेत निसटणाऱ्या घटकाचा हिशेब

पाण्याच्या किंवा मातीच्या नमुन्यात जे मोजायचं असतं, त्यातलं थोडंफार यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच निसटतं. पारा बाटलीच्या भिंतीला चिकटतो, म्हणून नमुना आम्ल घालूनच ठेवतात. द्रावक, म्हणजे घटक विरघळवून काढून घेणारा द्रव, आटवताना नॅप्थलीन त्याच्याबरोबर उडून जातं. शेवटी हाती लागलेला हिस्सा टक्क्यांत मांडला की ती रिकव्हरी.

सुरुवातीला सगळा भर गळती रोखण्यावर होता. फ्रान्झ फॉन सॉक्स्लेट यांचं 1879 सालचं उपकरण दुधातल्या स्निग्धांशासाठी होतं. पुढे माती आणि गाळातल्या प्रदूषकांसाठी तेच कामी आलं. तासन्‌तास द्रावक फिरवत राहायचं, म्हणजे मागे काही उरणार नाही, असा हिशेब.

खरी कलाटणी मिळाली ती किरणोत्सारी मूलद्रव्यांवर काम करणाऱ्यांकडून. जॉर्ज दे हेवेशी यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला खडकातलं शिसं मोजताना त्यात शिशाचाच किरणोत्सारी समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) ठरावीक प्रमाणात मिसळला. रासायनिक वागणूक सारखी, त्यामुळे दोघांची गळतीही सारख्याच प्रमाणात होणार. शेवटी मिसळलेल्यापैकी किती उरलं ते पाहिलं की मूळ शिशाचा आकडा काढता येतो, निम्मं वाया गेलं तरीही. पुढे क्लेअर पॅटरसन यांनी समस्थानिकांच्याच आधारे शिसं मोजताना उलटंच संकट दाखवून दिलं: प्रयोगशाळेतली हवा आणि भांडी नमुन्यात शिसं भरत होती. रिकव्हरी शंभराच्या वर गेली तर खूश होऊ नये, ते याचसाठी.

अमेरिकेत 1972च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर हे सगळं नियमांत आलं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 1984च्या पद्धतींमध्ये ज्ञात मात्रा मिसळून, म्हणजे स्पाइक करून, रिकव्हरी तपासणं आलं. 1624 आणि 1625 या पद्धती तर समस्थानिकांवरच उभ्या होत्या. डायॉक्सिन या विषारी प्रदूषकांसाठीच्या 1994च्या 1613 पद्धतीत कार्बन-13ने चिन्हांकित, म्हणजे कार्बनचा जड समस्थानिक घालून वेगळी ओळखता येणाऱ्या, संयुगांची 25 टक्क्यांच्या आसपासची रिकव्हरीही चालते, कारण दुरुस्ती गणितातच होते.

पण आज मिसळलेला स्पाइक मातीच्या कणांत वर्षानुवर्षं मुरलेल्या कीटकनाशकासारखा वागत नाही. तो सहज सुटून येतो आणि रिकव्हरी उगाच चांगली दिसते. चिन्हांकित संयुगही याला अपवाद नाही. त्यामुळे निकाल रिकव्हरीने दुरुस्त करून द्यावा की जसाच्या तसा, यावर रसायनज्ञांत जुना वाद आहे. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1999 मध्ये त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ते दुरुस्त केलेले आहेत का, हे अजूनही विचारावं लागतं.