अर्निकाच्या होमिओपॅथी गोळ्यांनी काळंनिळं उतरतं का?
"मार लागला की अर्निका ३० च्या चार गोळ्या घ्या, काळंनिळं लगेच उतरतं" हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. रावेरकडे केळीचा घड निसटून पायावर पडला, की आमच्याही घरात आधी तीच बाटली शोधतात.

अर्निका ही युरोपच्या डोंगरांतली पिवळ्या फुलांची वनस्पती, खरीच. पण बाटलीवरचा '३०' बघा: शंभरात एक भाग, असं ३० वेळा पातळ केलेलं. साधारण बाराव्या वेळेनंतरच मूळ वनस्पतीचा एक रेणूही उरणं अवघड.

मग गुण कसा येतो? सांडलेलं रक्त शरीरच शोषून घेतं. निळा डाग हिरवट, मग पिवळा होत दोनेक आठवड्यांत जातो. पुढच्या वेळी गोळी न घेता रोज मोबाइलवर फोटो काढून बघा. पाय टेकवेनासा झाला तर मात्र थेट एक्स-रे.