रोजच्या प्रार्थनेची सवय आली कुठून?

प्रार्थनेला टाइमच मिळत नाही हो, हे वाक्य चर्चच्या बाहेर हमखास ऐकू येतं. पण इतिहासात मागे गेलं की कळतं, रोजची प्रार्थना रिकाम्या वेळेसाठी कधी नव्हतीच, ती भर कामाच्या दिवसातच बसवलेली होती.

मूळ यहुदी परंपरेत आहे. बायबलमधला दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, आणि येशूचे शिष्य पेत्र-योहान मंदिरात निघाले होते ते नवव्या तासाच्या प्रार्थनेला, म्हणजे आपले दुपारचे तीन. येशू याच वातावरणात वाढला. त्याने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली त्यात मागणं काय, तर आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. महिन्याची नाही, वर्षाची नाही, आजची. म्हणजे उद्या पुन्हा मागायला यायचंच! मला तर वाटतं रोजच्या प्रार्थनेचं सगळं कारण या एका ओळीत आहे.

‘डिडाखे’ नावाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती पुस्तकात सरळ सांगितलंय की येशूने शिकवलेली ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. साधारण 200 सालाच्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियनपण तिसरा, सहावा, नववा तास सांगतो, आणि वर म्हणतो की जेवायच्या आणि अंघोळीच्या आधीसुद्धा प्रार्थना करावी.

मग इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी आले. "निरंतर प्रार्थना करा" हे बायबलमधलं प्रेषित पौलाचं वाक्य त्यांनी अक्षरशः घेतलं, हाताने टोपल्या विणायच्या आणि तोंडाने स्तोत्रं चालूच. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले त्यात आठवड्याला बायबलमधली पूर्ण 150 स्तोत्रं व्हायलाच हवीत असं ठरवलं. आता ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं? तर 150 स्तोत्रांच्या जागी 150 वेळा नमो मरिया, म्हणजे येशूची आई मरिया हिला केलेली छोटी प्रार्थना, आणि मोजायला हातात मणी, रोझरीची माळ अशीच हळूहळू घडत गेली.

मला सगळ्यात जवळची वाटते ती 1535 ची गोष्ट. जर्मनीतला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, त्याला त्याच्या न्हाव्याने, पीटर बेस्केनडॉर्फने विचारलं की प्रार्थना करायची कशी, आणि एवढा मोठा विद्वान माणूस, त्याने त्या न्हाव्यासाठी चक्क छोटं पुस्तक लिहिलं. उदाहरणपण त्याच्याच धंद्यातलं: चांगला न्हावी वस्तरा आणि केस यांवरून नजर हलवत नाही, तो गप्पा मारत इकडेतिकडे बघायला लागला तर गिऱ्हाइकाचं नाक नाहीतर गळाच कापेल, तसंच प्रार्थनेत मन सगळं तिथेच पाहिजे. सकाळी उठल्यावर पहिलं काम प्रार्थना, "तासाभराने करतो" म्हणालात की दुसरी कामं तुम्हाला ओढून नेतात, हेही त्याने त्यातच लिहिलंय. पाचशे वर्षं होत आली, पण आजही अगदी तसंच होतं की नाही?

1549 मध्ये इंग्लंडला आर्चबिशप क्रॅनमरने मठातल्या दिवसभराच्या उपासना सकाळ आणि संध्याकाळ अशा दोनमध्ये आणल्या, तेही लोकांच्या बोलीत.

आणि सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स होते, पायाने अधू, काम स्वयंपाकघरात, जे त्यांना मनापासून नावडतं होतं. तरी ते सांगायचे की भांड्यांचा खणखणाट चाललाय, चार जण एकदम चार वस्तू मागतायत, तेव्हाही त्यांना देव तितकाच जवळ वाटतो जितका गुडघे टेकल्यावर.