वळवाचा पाऊस : ढग व वायुदाबावरून स्थानिक अंदाज

चैत्र-वैशाखात देशावर दुपारनंतर मेघगर्जनेसह येणाऱ्या पावसाची चाहूल ढग, हवेचा दाब आणि ओलावा पाहून घेण्याची पद्धत. वळीव एका गावात ओढे वाहवतो आणि शेजारच्या शिवारात धूळही बसू देत नाही. जिल्ह्यापुरता दिलेला इशारा आपल्या शेतापर्यंत आणायचा, तर आभाळ स्वतः वाचावे लागते. शिजवून उन्हात पसरलेली हळद किंवा काढून ठेवलेला कांदा ताडपत्रीखाली घ्यायला दोन तास आधी कळले तरी पुरते.

वायुदाब. ‘दाबमापकाचा काटा उतरला की पाऊस’ हा युरोपातून आलेला नियम दख्खनवर फसतो. उष्ण कटिबंधात दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात ३ ते ५ हेक्टोपास्कलची (हे दाबाचे एकक) घट निरभ्र दिवशीही होते. म्हणून आजच्या वाचनाची तुलना सकाळच्या वाचनाशी न करता कालच्या त्याच वेळेच्या वाचनाशी करावी. त्यासाठी वेधशाळांच्या मुख्य वेळा, सकाळी ८.३० आणि सायंकाळी ५.३०, सोयीच्या. हवा स्थिर असताना चोवीस तासांतला फरक १ हेक्टोपास्कलच्या आसपास राहतो. दोन दिवसांत दाब मिळून २-३ ने उतरला, तर कमी दाबाचा पट्टा जवळ सरकत असण्याची शक्यता धरावी.

निर्द्रव दाबमापक (पाऱ्याऐवजी धातूच्या डबीवर चालणारा, काट्याचा) घरात, उन्हापासून आणि चुलीपासून दूर टांगावा. वाचण्यापूर्वी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारावी, नाहीतर अडकलेला काटा जुनेच वाचन दाखवतो. उंचीचा हिशेब अनेकदा चुकतो. दर ८-९ मीटर चढाला दाब सुमारे १ हेक्टोपास्कलने घटतो, त्यामुळे सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात प्रत्यक्ष दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ६० ने कमी असतो. मोबाइलमधला दाब मोजणारा संवेदक चांगला असतो, पण तो घेऊन चार मजले चढले की १ हेक्टोपास्कलहून जास्त ‘घट’ दिसते. वाचनाची जागा बदलू नये.

ओलावा. तापलेल्या जमिनीवर दाब कोरड्या हवेतही उतरतो. अशा वेळी नुसती वावटळ उठते. कोरड्या व ओल्या (फुग्यावर ओले कापड गुंडाळलेल्या) तापमापकांच्या वाचनांवरून तक्त्यात दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते ते तापमान, काढावा. तापमान व दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ ने गुणले, की राशिमेघांच्या (कापसाच्या ढिगासारख्या ढगांच्या) तळाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये अंदाजे मिळते. ३८ अंश तापमान आणि १६ अंश दवबिंदू असेल तर तळ २,७५० मीटरवर. इतक्या उंचावरून पडणारी हलकी सर वाटेतच विरते आणि खाली पोचतो तो सोसाट्याचा वारा व धूळ. दवबिंदू २० अंशांकडे सरकला, की उकाडा कोंदट होतो, तळ खाली येतो आणि सर जमीन गाठण्याची शक्यता वाढते.

ढग. सकाळी आठ-नऊला मध्यम उंचीवर एका ओळीत बुरूज उभे केल्यासारखे छोटे ढग दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे. ही खूण अनेकांच्या नजरेतून सुटते, कारण ऊन चढले की हे ढग विरून जातात. दुपारच्या राशिमेघांपैकी एक निवडावा आणि त्याचा माथा विजेच्या खांबाच्या रेषेत धरून दहा मिनिटे पाहावा. ढग पसरट होत असेल तर काळजी नाही. तो रुंदीपेक्षा उंच होत असेल आणि कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत असतील, तर वाढ जोमात आहे. त्याच कडा धूसर, पिंजल्यासारख्या झाल्या की माथ्यावर हिमकण तयार होऊ लागले आणि गर्जन्मेघ, म्हणजे विजा-गडगडाटाचा ढग, झाला. माथा ऐरणीसारखा पसरतो तो वरच्या वाऱ्याच्या दिशेने. ढग कुठे जाणार हे जमिनीलगतच्या वाऱ्यावरून ठरवू नये.

ढगाखालून लोंबणाऱ्या पिशव्या म्हणजे गारा, हा समज चुकीचा आहे. त्या गारांशिवायही दिसतात.

शेवटची सूचना पुन्हा दाबमापकच देतो, आणि तीही उलट्या दिशेने. पावसाने गार झालेली जड हवा ढगाखालून बाहेर ढकलली जाते. ती पोचताच तापमान झपाट्याने घसरते, ओल्या मातीचा वास येतो आणि दाब काही मिनिटांत १-३ हेक्टोपास्कलने चढतो. काटा चढला म्हणून वादळ टळले असे समजणे धोक्याचे. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

कोकणात मे-जूनमध्ये आणखी एक खूण जपावी. सकाळी दहाचा रोजचा चढ दिसेनासा झाला आणि दाब त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ५ हेक्टोपास्कलने खाली राहिला, तर तो वळीव नव्हे. समुद्रात चक्रीवादळ असण्याचा तो जुना, भरवशाचा इशारा आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ याच किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. अशा वेळी ढग पाहत न बसता होड्या वर ओढाव्यात आणि हवामान विभागाच्या सूचना पाळाव्यात.