कार्डाने पैसे भरताना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

दांडिया बाजारातील आमच्या दुकानात किंवा संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरताना पिन अथवा ओटीपी का लागतो, अशी विचारणा अनेक ग्राहक करतात. त्यासाठी हे पत्रक काढले आहे.

दुकानात कार्ड अस्सल असल्याची खात्री चिपमुळे होते आणि ते योग्य व्यक्तीच्या हाती असल्याची खात्री पिनमुळे. कार्ड यंत्राजवळ नुसते धरल्यास ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. २,००० रुपयांची पूर्वीची मर्यादा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ पासून वाढवली. मात्र हरवलेले कार्डही तसेच चालू शकते, म्हणून ही सोय नको असल्यास बँकेच्या ॲपमधून ती बंद करता येते.

आमचे काही वयोवृद्ध ग्राहक हात थरथरतो म्हणून पिन मोठ्याने सांगतात आणि तो कर्मचाऱ्यालाच दाबायला लावतात. त्यांचा विश्वास आम्हांला मोलाचा आहे, तरीही ही विनंती आम्ही नम्रपणे नाकारतो, कारण सणासुदीच्या गर्दीत तो आणखी कोणाच्या कानावर पडेल हे सांगता येत नाही. यंत्र आपल्या हातात दिले जाईल; हवा तेवढा वेळ घ्यावा, मागचे ग्राहक थांबतील.

संकेतस्थळावर कार्ड प्रत्यक्ष समोर नसल्याने बँक सहसा ओटीपी पाठवून खात्री करून घेते. त्या संदेशातील रक्कम आधी वाचावी, कारण घाईत केवळ अंकांकडे लक्ष जाते आणि फसवणूक नेमकी तेथेच साधते. ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही. आपण संमती दिल्यास त्याऐवजी फक्त आमच्याकडील खरेदीपुरते चालणारे टोकन, म्हणजे सांकेतिक क्रमांक, वापरले जाते.

परत केलेल्या मालाचे पैसे त्याच कार्डावर जमा होतात व त्यासाठी पिन, ओटीपी किंवा सीव्हीव्ही (कार्डावरील गुप्त सुरक्षा अंक) लागत नाही. आमचे नाव सांगून, अगदी आपुलकीच्या मराठीत कोणी ते मागितले, तरी फोन बंद करावा.

अनोळखी व्यवहार दिसताच कार्ड बंद करून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवावे. चूक बँकेची वा आपली नसून त्रयस्थाची असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली असेल, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असल्यास मात्र तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते.