चव्हाट्यावरची शिक्षा

शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ (१८४७) या कादंबरीत शाळेचा कारभारी छोट्या जेनला उंच स्टुलावर उभं करतो, सगळ्यांसमोर खोटारडी ठरवतो आणि फर्मावतो: आणखी अर्धा तास इथंच उभी राहू दे, आणि आज दिवसभर हिच्याशी कुणी बोलायचं नाही. शेजारून जाणारी हेलन तिच्याकडे पाहून नुसती हसते. तेवढ्यानंही जेनला बळ येतं.

या शिक्षेतला अबोला जास्त झोंबणारा असावा. २००३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून पडद्यावर चेंडूफेकीचा खेळ दिला होता. थोड्या वेळानं बाकीचे दोन ‘खेळाडू’ आपापसातच चेंडू फेकू लागले. वगळलेल्यांच्या मेंदूत, शारीरिक वेदनेच्या वेळी जागा होणारा एक भाग अधिक सक्रिय दिसला. हा भाग इतरही बरीच कामं करतो, त्यामुळे अपमान आणि जखम मेंदूला सारखीच, असं म्हणायची घाई नको. अशाच खेळाच्या २००४ च्या एका प्रयोगाचा निष्कर्ष मला जास्त चकित करतो: समोर माणसं नाहीत, संगणक खेळतोय, हे आधी सांगितलं तरी वगळलेल्यांना वाईट वाटलंच!

सोसणाऱ्याचं मन तेच. बदललं ते शिक्षा देणाऱ्याचं गणित. अमेरिकन लेखक हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीत (१८५०) व्यभिचाराबद्दल हेस्टरला तीन तास चौथऱ्यावर उभं करतात आणि लाल अक्षर जन्मभर छातीवर वागवायला लावतात. पण नावं ठेवणाऱ्यांनाही त्याच गावात राहायचं असतं, तिच्याकडूनच भरतकाम करून घ्यायचं असतं. तिची सेवा रोज दिसते आणि गावाचं मत हळूहळू पालटतं. समाजमाध्यमावर शिव्या घालणाऱ्याला त्या माणसाचं पुढचं आयुष्य दिसतच नाही. उलट शाबासकी मिळते. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ७,३३१ जणांची सुमारे १ कोटी २७ लाख ट्वीट्स तपासली. संतापाला लाइक मिळाले, की तोच माणूस पुढे आणखी संतापत होता.

बघ्यांचं काय? २०१८ च्या एका अभ्यासात एकाच टीकाकाराचा राग लोकांना रास्त वाटला. तसाच राग अनेकांनी मिळून काढल्यावर मात्र चुकणाऱ्याचीच कीव आली. पण गप्प बसलेल्याची कीव पडद्यावर कुणाला दिसणार? टोरोंटोच्या शाळांतल्या मैदानांवर मुलांचं चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या बहुतेक प्रसंगांत इतर मुलं आसपास होती, मधे पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. ती पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला.